आत्याची कुकिंग रेंज: चार बर्नर, चार तऱ्हा

मागच्या उन्हाळ्यात सांगलीहून आत्याची कुकिंग रेंज पुण्यात आमच्याकडे आली आणि ती नीट चालायला लागेपर्यंत अडीच महिने गेले. तेवढ्या दिवसांत काय काय बघितलं, कुठे चुकले आणि शेवटी कशाने काय सुटलं ते सगळं लिहून ठेवतेय, कारण तेव्हा मला असं कुणी मराठीत सविस्तर लिहिलेलं मिळालं असतं तर निम्मा त्रास वाचला असता. मी गॅसच्या कामातली नाही, बँकेत नोकरी करते, पण घरात रोज जी वस्तू पेटवतो ती आतून कशी आहे हे एकदा तरी बघायला पाहिजे असं मला आता मनापासून वाटतं.

रेंज म्हणजे वर चार बर्नर, खाली ओव्हन, ओव्हनच्या छताला ग्रिलचा बर्नर आणि सगळ्यात खाली ट्रे ठेवायचा कप्पा. पांढऱ्या इनॅमलची, अंगाने इतकी जड की दोघांना उचलत नाही. आत्याने १९९६ साली घेतली तेव्हा त्यांच्या गल्लीत असली ही एकच. तोवर दिवाळीत नानकटाई करायची म्हणजे घरी पीठ मळायचं, पत्र्याच्या ट्रेमध्ये गोळे मांडायचे आणि बेकरीत नेऊन भट्टीला नंबर लागेपर्यंत बाहेर बसायचं. रेंज आल्यावर गल्लीतल्या बायका ट्रे घेऊन आत्याकडेच यायला लागल्या. मी सुट्टीत गेले की माझं काम एकच, ओव्हनच्या काचेतून आत बघत बसायचं आणि नानकटाईला चीर पडली की ओरडून सांगायचं. नंतर आत्याचे गुडघे गेले, घर बदललं, रेंज दोन वर्षं मागच्या पडवीत प्लॅस्टिकखाली पडून होती. एक दिवस तिचा फोन आला, "तू नेतीस का बघ, न्हाईतर भंगारवाला दारात येऊन बसलाय." मी लगेच टेम्पो ठरवला.

आमच्याकडे पाइपलाइनचा गॅस आहे, म्हणजे पीएनजी. दोन बर्नरची साधी शेगडी होती ती उचलून ठेवली, ओट्याचा एक भाग कापून जागा केली आणि जवळच्या एका शेगडी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. त्याने काय केलं तर जुन्या शेगडीची नळी काढली, ती पुरेना म्हणून स्वतःकडची हिरवी रबरी नळी आणली, रेंजच्या मागे खोचली, कॉक उघडला, लायटर मारून एक बर्नर पेटवून दाखवला आणि पैसे घेऊन गेला. सगळं मिळून दहा मिनिटं. हे मी करायला नको होतं. पाइपलाइनचं कनेक्शन असलं की नळी बदलणं, नवीन शेगडी जोडणं हे लाइनच्या कंपनीच्या माणसानेच करायचं असतं. मला हे माहीत नव्हतं असं नाही, पण आठ दिवस थांबायचा धीर नव्हता.

संध्याकाळी एकेक बर्नर लावून बघितला. पुढचा डावा आणि मागचा उजवा पेटले, ज्योत निळी पण अगदी बुटकी, बर्नरच्या भोकांवर निळे तांदळाचे दाणे उभे केल्यासारखी. पुढचा उजवा, जो सगळ्यात मोठा, त्याची ज्योत पिवळी, लांब, आळसावल्यासारखी हलणारी, आणि तो चालू असताना खाली नॉबच्या बाजूला गॅसचा वास यायला लागला म्हणून लगेच बंद केला. मागचा डावा पेटलाच नाही, त्याचा नॉबसुद्धा पकडीने फिरवावा लागेल इतका घट्ट. आणि ओव्हन, तो पेटायचा पण नॉबवरचा हात काढला की फुस करून विझायचा. पुढच्या डाव्या बर्नरवर एक लिटर पाणी उकळायला ठेवलं आणि मोबाईलवर वेळ लावली, अकरा मिनिटं लागली. माझ्या साध्या शेगडीवर तेच पातेलं, तेवढंच पाणी पाच मिनिटांत उकळायचं.

दुसऱ्या दिवशी त्याच दुरुस्तीवाल्याला फोन केला तर तो म्हणाला, "ताई, जेटला ड्रिल मारून देतो, भोक मोठं केलं की ज्योत मोठी होते, दोन मिनिटांचं काम आहे." माझ्या मनात आलं की चार बर्नरची चार दुखणी आहेत आणि हा सगळ्यांना एकच औषध देतोय. त्याला थांबवलं, भिंतीजवळचा मेन कॉक बंद केला आणि ठरवलं की आधी ही वस्तू नेमकी काय आहे ते शोधायचं, मग हात लावायचा.

कुठल्याही शेगडीवर किंवा रेंजवर एक छोटी पट्टी असते, कंपनीचं नाव, मॉडेल नंबर आणि कुठल्या गॅससाठी बनवलीय ते लिहिलेली. साध्या शेगडीला ती बहुतेक वेळा पुढच्या पट्टीवर नाहीतर खालच्या बाजूला असते. आमच्या रेंजवर ती कुठेच दिसेना. ओव्हनच्या दाराच्या आतली कड बघितली, खालचा कप्पा बाहेर काढून आत टॉर्च मारला, नाही. शेवटी मुलाने आणि मी मिळून रेंज भिंतीपासून ओढली, मागच्या पत्र्यावर तेलाचा आणि धुरळ्याचा चिकट तपकिरी थर होता, बोट फिरवलं तर मेणासारखा गोळा व्हायचा. गरम पाण्यात धुण्याचा सोडा घालून फडकं भिजवून त्यावर चिकटवून ठेवलं, अर्ध्या तासाने पुसलं आणि डाव्या कोपऱ्यात ॲल्युमिनियमची पट्टी उघडी पडली. अक्षरं झिजलेली, टॉर्च तिरका धरला तेव्हा वाचता आली. मॉडेल नंबर, अनुक्रमांक, आणि खाली इंग्रजीत ओळ, एलपीजीसाठी, दाब २.९४२ किलोन्यूटन प्रति चौरस मीटर. त्या क्षणी चारपैकी दोन बर्नरचं कोडं तिथेच सुटलं.

ती ओळ काय सांगते ते नीट लिहिते, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. आपला घरचा १४.२ किलोचा लाल सिलेंडर म्हणजे एलपीजी, प्रोपेन आणि ब्युटेन यांचं मिश्रण. सिलेंडरवरचा रेग्युलेटर आतला जबरदस्त दाब कमी करून शेगडीला साधारण ३० मिलिबार एवढाच देतो, २.९४२ चा आकडा तोच. पाइपलाइनमधून येतो तो मुख्यतः मिथेन, आणि घरात तो साधारण २१ मिलिबार दाबाने येतो. म्हणजे गॅस वेगळा आणि दाबही कमी. शिवाय तेवढ्याच आकारमानाच्या एलपीजीत मिथेनच्या अडीच ते तीनपट उष्णता असते. म्हणून एलपीजीच्या शेगडीचे जेट, म्हणजे पितळेचे ते छोटे बोंडासारखे तुकडे ज्यांच्या टोकाच्या भोकातून गॅस बर्नरमध्ये शिरतो, ते बारीक भोकाचे असतात आणि पीएनजीला भोकाचं क्षेत्रफळ जवळजवळ दुप्पट लागतं. माझ्या रेंजला एलपीजीचे बारीक जेट होते आणि त्यातून पीएनजी येत होता, मग आच निम्मी मिळणारच, पाच मिनिटांचं पाणी अकरा मिनिटांत उकळणारच. त्यात बिघाड काहीच नव्हता. उलट बाजू मात्र फार धोक्याची आहे. पाइपलाइनवर चालणारी शेगडी कुणी गावाला नेऊन सिलेंडरला जोडली तर मोठ्या भोकातून प्रमाणाबाहेर गॅस येतो, पिवळ्या उंच ज्वाळा उठतात, काजळी धरते, आणि खोली बंद असेल तर विषारी कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. बदली झाल्यावर, मुलं शिकायला बाहेर गेल्यावर जुन्या शेगड्या इकडून तिकडे जातात तेव्हा हे कुणी बघत नाही.

मग लाइनच्या कंपनीला फोन करून रीतसर नोंद केली, माणूस नवव्या दिवशी येणार होता. तोपर्यंत मेन कॉक बंद, स्वयंपाक इंडक्शनवर, आणि मी साफसफाईला लागले. गॅस येतच नाही अशा वेळी बर्नर काढून घासणं हे घरच्या माणसाचंच काम आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

वरचा पत्रा चार स्क्रूंवर होता. तो उचलला आणि आतली रचना पहिल्यांदा दिसली. प्रत्येक नॉबच्या मागे कॉक, कॉकच्या तोंडाला जेट, जेटच्या समोर बर्नरची आडवी नळी, आणि जेट आणि नळी यांच्यात मोकळी जागा. मला आधी वाटायचं की गॅस बंद पाइपातून थेट बर्नरपर्यंत जातो. तसं नसतं, जेटमधून जोरात निघालेली गॅसची धार त्या मोकळ्या जागेतून बाहेरची हवा स्वतःबरोबर नळीत ओढून नेते आणि हवा मिसळली की ज्योत निळी होते. हवा कमी पडली की पिवळी. हे एकदा डोळ्यांनी बघितल्यावर पिवळ्या ज्योतीचं कारण कुठे शोधायचं ते आपोआप कळतं.

पुढच्या उजव्या बर्नरची नळी काढून उजेडाकडे धरली तर आरपार दिसेना. आतून टॉर्च मारला, मध्येच मातीची भिंत, बाजूला जेमतेम एक फट. कुंभारीण माशीने घर बांधलं होतं. दोन वर्षं पडवीत असताना तिला ही नळी म्हणजे तयार बीळ मिळालं. लोखंडी सळईने हलकेच टोकरलं तर चिखलाचे पापुद्रे निघाले, एकामागे एक तीन कप्पे, प्रत्येकाची भिंत बोटाच्या नखाएवढी जाड, आणि मधल्या कप्प्यात वाळून कागदासारखे झालेले बारके कोळी, पाय पोटाशी घेतलेले, सात की आठ. माशी आपल्या पिल्लांसाठी कोळी पकडून असे कोंडून ठेवते. मी ते सगळं वर्तमानपत्रावर काढून मुलाला दाखवलं. या भिंतीमुळे हवा आत जात नव्हती म्हणून ज्योत पिवळी, आणि गॅससुद्धा पुढे सरकायला जागा नाही म्हणून उलटा फिरून त्या मोकळ्या जागेतून खाली येत होता, नॉबजवळचा वास तोच. तसाच पेटवत राहिले असते तर आग वर बर्नरवर न लागता खाली कॉकपाशी लागली असती. दुरुस्तीवाल्याने सांगितलं तसं भोक मोठं केलं असतं तर आणखी जास्त गॅस उलटा आला असता. बाटली घासायच्या ब्रशने चारही नळ्या घासल्या, पाण्याने धुतल्या आणि दोन दिवस उन्हात वाळवल्या, कारण आत ओल राहिली तरी ज्योत तडतडते.

मागच्या डाव्या बर्नरचा जेट पूर्ण बुजला होता. तो पान्याने सुटला, पण भोकात टाचणी किंवा सुई घालायची नाही हे कटाक्षाने पाळलं. पितळ मऊ असतं, भोक वेडंवाकडं झालं की धार तिरकी जाते आणि मग नळीच्या मधोमध न जाता कडेला आपटते. नवे जेट बसायचेच होते, तरी एकदा कुतूहल म्हणून स्वच्छ केलेला जेट खिडकीसमोर धरून एका डोळ्याने बघितला. एवढंसं गोल उजेडाचं टिंब, खसखशीच्या दाण्यापेक्षा मोठं नाही. अख्ख्या घराचा स्वयंपाक त्या टिंबातून येतो. त्याच बर्नरचा नॉब घट्ट होता तो आतलं ग्रीस वाळल्यामुळे, पण कॉक उघडायचं काम मी केलं नाही, ते गॅस अडवणारं मुख्य अंग आहे, तिथे घरच्या माणसाने हात घालू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

नवव्या दिवशी कंपनीचा माणूस आला, तिशीचा असेल, बोलायला शांत. आल्या आल्या त्याने बर्नरकडे बघितलंच नाही, आधी मागे वाकून नळी बघितली आणि म्हणाला, "ताई, ही कुणी लावली?" साबणाचं पाणी मागितलं, भांड्यांचा लिक्विड साबण पाण्यात कालवून दिला, त्याने मेन कॉक उघडून जोडावर फेस लावला आणि आम्ही दोघं बघत राहिलो. तीनचार सेकंद काहीच नाही, मग रेंजच्या तोंडाशी, जिथे नळी नुसतीच खोचली होती आणि क्लॅम्प नव्हता, तिथे मोहरीएवढा एक फुगा आला, वाटाण्याएवढा झाला, फुटला, परत दुसरा आला. वास अजिबात येत नव्हता. माझ्या पोटात गोळा आला. पहिल्या संध्याकाळी मी याच नळीवर लायटर मारत बसले होते. शिवाय ती नळी ओव्हनच्या मागच्या पत्र्याला टेकून गेली होती, ओव्हन तापला की तो पत्रा हात ठेवू नये इतका गरम होतो. त्याने हिरवी नळी काढून टाकली, आयएसआय मार्कची तारेचं अस्तर असलेली केशरी सुरक्षा नळी लावली, तीही दीड मीटरच्या आतली, ओव्हनच्या मागून न नेता बाजूने वळवून, दोन्ही टोकांना क्लॅम्प. नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षांनी बदलायची, ती वहीत लिहून ठेवली.

मग त्याने वरच्या चार बर्नरचे जेट बदलले. त्याच्या डबीत पीएनजीचे तयार जेट होते, आटे जुळतात का बघून पान्याने बसवले. मी जुना आणि नवा शेजारी शेजारी तळहातावर ठेवून बघितला, नव्याचं भोक नुसत्या डोळ्यांना मोठं दिसतं. घट्ट कॉक उघडून साफ केला, उष्णतेला टिकणारं ग्रीस लावलं, परत सगळ्या जोडांना फेस लावून बघितला. पेटवल्यावर ज्योत बोटाच्या दोन पेरांएवढी, निळी, आत फिक्या निळ्या रंगाचे टोकदार सुळके, भांड्याच्या बुडाखाली सरळ उभी. एक लिटर पाणी साडेपाच मिनिटांत उकळलं. ओव्हनचा जेट वेगळ्या आकाराचा होता, तो त्याच्याकडे नव्हता, "मिळवून ठेवा, मी येऊन बसवतो," म्हणाला.

ओव्हनने सगळ्यात जास्त दिवस खाल्ले. आत्याला फोन केला तर ती म्हणाली, "बटण दाबून धर की गं, मी वीस आकडे मोजायची आणि मग सोडायची." मी चाळीस मोजले तरी सोडलं की विझायचा. ओव्हनमध्ये ज्योत डोळ्यासमोर नसते, विझली तर कळणार नाही आणि आत गॅस साचेल, म्हणून तिथे एक सोय असते. बर्नरच्या कडेला पेन्सिलीच्या टोकासारखी एक कांडी उभी असते आणि तिच्यापासून तांब्याची बारीक तार कॉकपर्यंत जाते, तिला थर्मोकपल म्हणतात. टोक तापलं की त्यातून अगदी थोडी वीज तयार होते, काही मिलिव्होल्ट, आणि तेवढ्याने कॉकमधलं छोटं चुंबक झडप उघडी धरून ठेवतं. ज्योत गेली, टोक निवलं, वीज थांबली की झडप आपोआप मिटते. म्हणजे हात काढल्यावर ओव्हन विझतोय याचा अर्थ चुंबकाला पुरेशी वीज पोचत नाहीये. मेन कॉक बंद करून टोकावरची काजळी शून्य नंबरच्या पॉलिश पेपरने हलकी घासली, कॉकच्या बाजूचं टोक हिरवं पडलं होतं तेही पुसलं, नट हाताने आवळून वर पान्याने जरासाच फिरवला. तरी तेच.

आता थर्मोकपल गेलं असं धरून ते काढलं आणि शनिवारी रविवार पेठेत बोहरी आळीच्या बाजूला शेगड्यांचे पार्ट मिळतात तिथे घेऊन गेले. दुकानातल्या वयस्कर काकांनी ते हातात घेतलं, उलटसुलट बघितलं आणि विकायच्या ऐवजी म्हणाले, "आधी हे मेलंय का ते तरी बघा. मीटर आहे का घरी?" मुलगा डिप्लोमाला आहे, त्याच्याकडे मल्टिमीटर होता. घरी येऊन टेबलावर मेणबत्ती लावली, टोक ज्योतीत धरलं, मीटरची एक सुई तांब्याच्या अंगाला आणि दुसरी मागच्या टोकाच्या मधल्या ठिपक्याला. आकडा हळूहळू चढत गेला, पाच, नऊ, चौदा, आणि १९ मिलिव्होल्टवर थांबला. थर्मोकपल ठणठणीत होतं! मग ते परत बसवलं आणि ओव्हनच्या तळाचा पत्रा काढून ज्योत पेटवून नीट बघितली तेव्हा दिसलं, एलपीजीच्या बारीक जेटमुळे ज्योत इतकी बुटकी की ती त्या टोकापर्यंत पोचतच नव्हती. शेवटी हेही दुखणं त्या पट्टीवरच्या ओळीतूनच आलं होतं. मी सुरुवातीलाच हे जोडून बघायला हवं होतं. पट्टीचा फोटो आणि ओव्हनचा जुना जेट घेऊन परत त्या काकांकडे गेले, त्यांनी डब्यातून आटे जुळणारा पीएनजीचा जेट शोधून दिला. कंपनीच्या माणसाने तो बसवला, जेटजवळ हवेची वाट कमीजास्त करणारी सरकती पट्टी थोडी हलवून ज्योतीची पिवळी टोकं घालवली, आणि ग्रिलचा जेट काही मिळाला नाही म्हणून ते तोंड बंद नट लावून कायमचं बंद केलं. ज्योत टोकाला वेढून राहिली. मी नॉब दाबून वीस मोजले आणि हात काढला. राहिला पेटलेला.

एवढं होऊनही पहिल्या भाजणीला एक चूक झालीच आणि ती माझीच. जुलैचा पाऊस, खिडकी घट्ट लावलेली, आणि तूप गळून ओव्हन खराब होऊ नये म्हणून मी तळाच्या पत्र्यावर कडेपासून कडेपर्यंत ॲल्युमिनियम फॉइल अंथरलं. पंधरा मिनिटांनी डोळे चुरचुरायला लागले, डोकं जड झालं, एक उग्र वास. वाकून खालच्या फटीतून बघितलं तर ज्योत पिवळी, फडफडणारी. लगेच बंद केलं, खिडकी, गॅलरीचं दार सगळं उघडलं आणि बाहेर जाऊन उभी राहिले. तळाच्या पत्र्याच्या कडेने जी भोकं असतात ती डिझाइन नसतात, ज्योतीच्या गरम हवेची ये-जा तिथून होते, फॉइलने मी ती सगळी बुजवली होती. कार्बन मोनॉक्साइडला स्वतःचा वास नसतो, गॅसला जो मुद्दाम घातलेला वास असतो तसा याला काहीच नाही, म्हणून डोकं जड होणं, मळमळणं हीच खूण समजायची आणि आधी बाहेर पडायचं. आत्याला सांगितलं तर ती केवढ्यांदा ओरडली, "अगं मी फॉइल ट्रेला घालायची, तळाला कधी घातलं मी?" लहानपणी तासन् तास काचेतून बघत बसले होते, चकाकणारं फॉइल लक्षात राहिलं, ते कुठे असायचं ते नाही. रेंजच्या मागच्या बाजूला धूर बाहेर जायची जाळीही आहे, ती मी भिंतीला चिकटवून बसवली होती, आता चार बोटं पुढे ओढून ठेवलीय. आणि ओव्हन चालू असताना खिडकी उघडी, पाऊस असो की थंडी.

आता ऑगस्टपासून रेंज रोज चालते. नॉबवरचे आकडे फारसे खरे नाहीत, ओव्हनमध्ये ठेवायचा साधा काट्याचा थर्मामीटर आणला तर १८० वर लावल्यावर आत २०० दाखवतो, म्हणून नॉबवर पांढऱ्या रंगाचा ठिपका देऊन ठेवलाय. दर महिन्याच्या पहिल्या रविवारी जोडांना साबणाचा फेस लावते आणि बर्नर उजेडाकडे धरून आरपार बघते. पावसाळ्यात गॅलरीतून येणाऱ्या कुंभारणी परत घर शोधतात.

काढलेले एलपीजीचे जेट टाकले नाहीत. होमिओपॅथीच्या गोळ्यांच्या दोन रिकाम्या बाटल्या घेतल्या, एकीत वरचे चार आणि दुसरीत ओव्हनचा एक, आणि रेंजच्या मागे त्या ॲल्युमिनियमच्या पट्टीच्या शेजारी टेपने चिकटवल्या. खाली मार्करने मोठ्या अक्षरात लिहिलं, आता पीएनजीचे जेट बसवलेत, सिलेंडरला जोडायची असेल तर आधी बाटलीतले बसवून घ्या, ग्रिल बंद आहे. खाली तारीख टाकली. मग फोटो काढून आत्याला पाठवला, तिने चष्मा लावून वाचला असणार, कारण दहा मिनिटांनी फोन आला आणि पहिलं वाक्य हेच, "ग्रिलचा जेट ह्या पोराला सांगलीत बघायला सांगते, थांब."